देवाला पत्ता नको का?

‘देवा, सगळ्यांचं भलं कर’ हे वाक्य आपल्या घरांतून रोज संध्याकाळी इतक्या सवयीने म्हटले जाते की, त्यातल्या ‘सगळ्यां’कडे कोणाचेच लक्ष जात नाही. दिवा लागतो, हात जोडले जातात आणि दुसऱ्या मिनिटाला टीव्हीवरची मालिका सुरू होते. या वाक्याला खर्च काहीच येत नाही. सगळ्यांत शेजारी आले, शेजाऱ्यांचे जावई आले, पृथ्वीवरचे आठशे कोटी लोक आले; म्हणजे नेमके असे कोणीच आले नाही.

माझी आजी असे मोघम मागणे मागत नसे. पुण्याच्या नारायण पेठेत, नदीच्या अंगाला आमचे बिऱ्हाड होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मी तेव्हा पाळण्यात होते. जे सांगते ते सगळे ऐकीव. आमचा वाडा गेला. वाड्यातली चौदा बिऱ्हाडे आधी शाळांच्या वर्गांतून राहिली आणि मग पांगली. कोणी गोखलेनगरला गेले, कोणी लोकमान्यनगरला, कोणी थेट गावी. ज्यांच्याशी वीस वर्षे नळावर भांडण केले ती माणसे एकाएकी दिसेनाशी झाली. तेव्हापासून आजीने संध्याकाळी दिव्यापुढे त्यांची नावे घ्यायला सुरुवात केली. दिंडी दरवाज्यापासून परसापर्यंत, खोल्यांच्या क्रमाने. प्रत्येक नावामागे एक काम असे. अमकीचे दिवस भरलेत, सुखरूप सुटू दे. तमक्याच्या धाकट्याला कुठेतरी चिकटव. मला कळू लागल्यावर मी एकदा तिला विचारले, “एवढी यादी कशाला? सगळ्यांचं भलं कर म्हटलं की झालं.” तर म्हणाली, “अगं, त्याला पत्ता नको का?”

आता यातली गंमत पाहा. नाव घेऊन मागायचे तर बातमी हवी. गेल्या आठवड्यात ‘सुखरूप सुटू दे’ म्हटले, पुढे काय झाले? मुलगा की मुलगी? हे कळल्याशिवाय आज काय मागायचे तेच आजीला उमगेना. मग ती आईला घेऊन बसने गोखलेनगर गाठी, जाताना डब्यात मेतकूट नेई. लोक म्हणत, म्हातारीला भारी माया. मला वाटते, तिला यादी अद्ययावत ठेवायची होती. माया त्या ये-जा करण्यातून आपोआप वाढली असावी.

पुढे मी बँकेत लागले आणि यादीचा एक निराळा नमुना पाहिला. नोव्हेंबर महिना म्हणजे आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. सरकारी पेन्शनरांनी वर्षातून एकदा समोर येऊन आपण जिवंत आहोत असे लिहून द्यायचे. दाखला आला नाही की पुढची पेन्शन थांबे. काठ्या टेकत, नातवाचा हात धरून माणसे येत. २०१४ पासून हाताचा ठसा घेऊन हे काम संगणकावरही होऊ लागले, आणि सोयच झाली. पण काउंटरच्या आत बसून मला दरवर्षी एक विचार येई. ‘तुम्ही आहात ना?’ हे या माणसाला सरकारखेरीज आणखी कोण विचारते? आणि सरकारसुद्धा वर्षातून एकदाच!

निवृत्तीनंतर मी आजीची पद्धत उचलली. मात्र मला दिव्यापुढे फार वेळ बसवत नाही. गुडघे दुखतात, शिवाय मन भरकटते. म्हणून मी ती कामांना जोडून टाकली. आमची इमारत तीन मजल्यांची आणि माझ्या कुकरला तीन शिट्ट्या लागतात. पहिल्या शिट्टीला पहिला मजला. तिथले गृहस्थ सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला जातात. त्या दिवशी त्यांचा नंबर पहिला. दुसऱ्या शिट्टीला आमचा मजला, तिसरीला तिसरा. डाळ शिजते तेवढ्यात इमारत होते.

आमच्या ह्यांना हे पसंत नाही. “देवाचं नाव सांगून तू सोसायटीच्या चौकशा करतेस,” असे ते म्हणतात. आरोप अगदीच खोटा नाही. शेजाऱ्याची काळजी आणि शेजाऱ्याची पंचाईत यांच्यामधली भिंत आपल्याकडे फार पातळ असते. पण बँकेत लागताना आम्ही गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते. कोणाच्या खात्यात किती, हे घरीसुद्धा बोलायचे नाही. तोच नियम मी इथे लावते. कुकरपाशी जे आठवायचे ते जिन्यात बोलायचे नाही.

अवघड जाते ते नावडत्या माणसाचे नाव. तिसऱ्या मजल्यावर असे एक आहेत. गाडी आडवी लावतात, मीटिंगमध्ये आवाज चढवतात. त्यांच्यापाशी आले की मला पसायदान आठवते. आपण ते म्हणतो बहुधा कार्यक्रम संपल्याची खूण म्हणून. अर्धे श्रोते तेव्हा चपला शोधत असतात. १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी हे मागणे मागितले. ज्या मुलाच्या आईवडिलांना समाजाने प्राण सोडायला लावले, भावंडांना वाळीत टाकले, असे परंपरा सांगते, तो दुष्टांचा नाश कर म्हणत नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावो आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, एवढेच म्हणतो. मी गाडीपुरते मागते.

त्याच मजल्यावर एक निवृत्त शिक्षक एकटे राहतात. पक्के नास्तिक. माझी यादी कळल्यावर म्हणाले, “वहिनी, माझ्यासाठी देवाला सांगू नका. सांगायचंच तर प्लंबरला सांगा, नळ गळतोय.” मी दोघांनाही सांगितले. बदल्यात सरांनी घराची एक किल्ली आमच्याकडे ठेवली, आणि दाराला लावलेली दुधाची पिशवी सातच्या आत उचलायचे कबूल केले. गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी साडेसात झाले तरी पिशवी तशीच. किल्लीने दार उघडले तर सर न्हाणीघरात पडलेले. पहाटेपासून ओरडून घसा बसला होता. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, मुलगी बंगळुरूहून महिनाभर येऊन राहिली, आता वॉकरवर चालतात.

बरे झाल्यावर मला मुद्दाम सांगितले, “हे तुमच्या देवाचं काम नाही हं. दुधाच्या पिशवीचं आहे.” मी वाद घातला नाही. शिक्षकांशी घालू नये.

हल्ली सोमवार, बुधवार, शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला सर वॉकर घेऊन गॅलरीत उभे असतात. खालच्यांची रिक्षा हॉस्पिटलमधून परत आली, ते धरून धरून पायऱ्या चढले की आत जातात. मी विचारले तर म्हणाले, ऊन खायला उभा राहतो. त्यांची गॅलरी पूर्वेला आहे. दुपारी एकला तिथे ऊन नसते.