नदीकाठची मोटर आणि केबलचा जोड

सख्यांनो, पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठाला जून उजाडला की नदीवरच्या मोटरी वर काढायची घाई असते. पूर ओसरला की त्याच मोटरी पुन्हा खाली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर कितीतरी केबली गाळातून उपसून काढाव्या लागल्या. या काढ-घालीत केबल कुठंतरी सोलते, तुटते. मग घरचा माणूस तारांना पीळ देतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि म्हणतो, "चालतंय की!"

चालतंय हे खरं. पण त्याच काठावर धुणं धुवायला आपण उतरतो, म्हशी आपण धुतो. म्हणून हा विषय फक्त गड्यांचा नाही.

साध्या टेपचा डिंक ओलाव्यात सुटतो. पाणी आत शिरलं की तांब्याला गंज चढतो, जोड गरम होतो आणि करंट पाण्यात गळायला लागतो. मोटर मात्र चालूच राहते, म्हणून कुणाला संशय येत नाही. "फ्यूज हाय की," असं बैठकीत हमखास ऐकायला मिळतं. पण फ्यूज उडायला दहा-पंधरा अँपिअर तरी लागतात, आणि माणसाचं काळीज बंद पडायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ईएलसीबी लागतो. गळती झाली की तो लाइन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात, मोटरसाठी कुठला बसेल ते वायरमनला विचारा.

मग जोड द्यायचाच नाही का? तसं नाही. पाणबुडी मोटरला तर कंपनीची वायर आखूडच येते, तिथं जोड टळत नाही. बघायचं एवढंच, की जोड बिघडला तर काय होईल आणि त्या वेळी तिथं कोण असेल. काठाच्या वर, कोरड्या पेटीत, पुराच्या खुणेच्या वरचा जोड बिघडला तर बहुतेक वेळा मोटर बंद पडेल, मेकॅनिक बोलवू. पाण्यातला, ओल्या वाटेवरचा किंवा गवतात लपलेला जोड बिघडला तर माणूस जाईल. तिथं टेपवर भागवायचं नाही. एक तर अखंड केबल टाकायची, नाहीतर जाणकाराकडून जोड करून घ्यायचा: तिन्ही तारा कमी-जास्त लांबीवर कापून, म्हणजे जोड समोरासमोर येत नाहीत, प्रत्येकीवर आधी रबराची टेप, मग वरून पीव्हीसी टेप, किंवा पाणबुडी मोटरचं जोड-किट. तांबं आणि अॅल्युमिनियम थेट पिळायचं नाही, तो जोड लवकर खराब होतो. आणि एकाच केबलला दोन-तीन जोड झाले असतील, तर माझ्या मते ती केबल संपली.

नवी केबल महाग पडते, मान्य आहे. पण बियाणाला, खताला गटातून कर्ज काढतो, तसं केबलला आणि ईएलसीबीलाही काढता येतं. बैठकीत मागा, लाजू नका.

काठावर पाय टाकताच मुंग्या आल्या, किंवा जनावर पाण्यात जायला बिचकलं, तर मागं फिरा. कुणी चिकटलं तर पाण्यात उतरू नका, हात लावू नका. आधी स्टार्टरच्या वरचा मेन स्विच पाडा. तो सापडत नसेल तर महावितरणचा १९१२ लावा, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.