आधी रिकामी बॅग तोला

विदर्भ एक्स्प्रेसच्या थर्ड एसीत एका तिकिटावर ४० किलो सामान मोफत नेता येतं. सेकंड एसीत ५० किलो. नागपुरातल्या घरांची सामान बांधायची पद्धत या आकड्यांवर घडलेली आहे. मुंबईला लेकाकडे निघायचं म्हणजे बर्थखाली दोन बॅगा, हाताशी एक पिशवी आणि हंगाम असेल तर संत्र्यांची एक पेटी. वजन कुणी करत नाही आणि करावं असं कुणाला वाटतही नाही.

आता याच घरांतली माणसं सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून पुणे, बंगळुरू, हैदराबादला विमानाने जातात. मुलं तिकडे नोकरीला, आई-वडील इकडे, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून दोन-तीन दिवसांच्या खेपा वाढल्या आहेत. अशा खेपेला बेल्टवर बॅग येईपर्यंत ताटकळायला नको म्हणून केबिनमध्ये नेता येईल अशी कडक कवचाची ट्रॉली घ्यायचं ठरतं. बर्डीच्या किंवा सदरच्या बाजारात चक्कर होते, रंग पसंत पडतो, दुकानदार बॅगेवर उभा राहून मजबुती दाखवतो, आणि खरेदी होते. बॅग किती किलोची आहे हे मात्र कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते विचारायची पहिली गोष्ट तीच आहे.

इंडिगो किंवा अकासाच्या विमानात केबिन बॅगेला मर्यादा ७ किलोंची. हे वजन भरलेल्या बॅगेचं, म्हणजे चाकं, दांडा, कुलूप, अस्तर सगळं धरून. बाजारातल्या कडक कवचाच्या केबिन ट्रॉल्या साधारण सव्वादोन ते सव्वातीन किलोंच्या असतात. वरवर पाहता फरक एका किलोचा आहे, पण हिशेब मांडून पाहू. तीन दिवसांसाठी दोन जीन्स धरल्या तर सव्वा किलो, चार शर्ट किंवा कुर्ते एक किलो, आतले आणि रात्रीचे कपडे पाऊण किलो, दाढीचं किंवा अंघोळीचं सामान अर्धा किलो, चार्जर आणि वायरी पाव किलो, चप्पल अर्धा किलो. सव्वाचार किलो झाले. सव्वादोन किलोंच्या बॅगेत हे सगळं ठेवलं तर साडेसहा किलो होतात आणि अर्धा किलो संत्रा बर्फीला जागा उरते. तेच सामान सव्वातीन किलोंच्या बॅगेत भरलं की काटा साडेसातवर जातो. संत्री न्यायचा विचार असेल तर मध्यम आकाराचं एक डझनच पावणेदोन किलोंच्या आसपास भरतं, म्हणजे हलक्या बॅगेतसुद्धा एक जीन्स, चप्पल आणि एखादा शर्ट घरी ठेवल्याशिवाय ते बसत नाही.

म्हणून दुकानात जाताना खिशात लटकवायचा डिजिटल काटा आणि मोजायची टेप ठेवावी. काटा काही शे रुपयांत मिळतो आणि पुढे प्रत्येक प्रवासाला उपयोगी पडतो. बॅगेच्या चिठ्ठीवर वजन छापलेलं असलं तरी काट्यावर लटकवून पाहावं. दुकानदाराला त्यात वावगं वाटायचं कारण नाही, आपण भाजीसुद्धा तोलून घेतो. अडीच किलोंच्या वर काटा गेला तर ती बॅग, कितीही देखणी असली तरी, ७ किलोंच्या प्रवासासाठी नाही, असं मी ठाम म्हणेन.

आता मापं. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ११५ सेंटिमीटर धरतात. हा आकडा मुळात इंचांतला वाटतो: २२, १४ आणि ९ इंच मिळून ४५ इंच, म्हणजे ११४ सेंटिमीटर आणि थोडं. पण ११५ ची बेरीज प्रामुख्याने दोन तऱ्हांनी होते. एक ५५, ३५ आणि २५. दुसरी ५५, ४० आणि २०. पहिलीतली बॅग जाड आणि अरुंद, दुसरीतली चपटी आणि रुंद. विमानतळावर माप तपासायचा सांगाडा यांपैकी एकाच तऱ्हेचा असतो. नागपूरहून शारजाला जाणारी एअर अरेबिया केबिनमध्ये १० किलो नेऊ देते, म्हणजे वजनात ती आपल्या कंपन्यांपेक्षा उदार आहे, पण तिचं माप ५५, ४०, २० आहे. पुण्याच्या फेऱ्यांसाठी घेतलेली २५ सेंटिमीटर जाडीची कडक बॅग तिच्या सांगाड्यात शिरणार नाही. कापडी बॅग दाबून, एखादा स्वेटर काढून बसवता येते. कडक कवच दबत नाही, एका सेंटिमीटरने अडलं तर अडलंच. ज्यांच्या घरी आखाताच्या फेऱ्या आहेत त्यांनी ३५ सेंटिमीटर रुंदीची आणि २० सेंटिमीटर जाडीचीच बॅग पाहावी, ती दोन्हीकडे चालते.

मापात लोक फसतात ते चाकांपाशी. चिठ्ठीवरचे ५५ सेंटिमीटर काही वेळा नुसत्या कवचाचे असतात, खालची चाकं आणि वरची मूठ धरली की ५८ किंवा ५९ भरतात. विमान कंपनी मोजते ती जमिनीपासून मुठीच्या टोकापर्यंत, आपणही तसंच मोजावं. आणि ज्या बॅगेला मधोमध जास्तीची चेन असते, ती उघडली की जाडी चार-पाच सेंटिमीटरने वाढते, तिथे ११५ चे १२० होतात. परतीच्या प्रवासात, खरेदी झाल्यावर, ही चेन हमखास उघडली जाते. कडक केबिन बॅगेला ती नसलेलीच बरी, तिचंही वजन असतंच.

५५, ३५, २५ या मापाच्या नुसत्या खोक्यात ४८ लिटर मावले असते. प्रत्यक्ष बॅगेत ३३ ते ३७ लिटरच मिळतात. उरलेली जागा चाकांनी, कोपऱ्यांच्या गोलाईने आणि आतून जाणाऱ्या दांड्याच्या नळ्यांनी खाल्लेली असते. म्हणून बॅग उघडून तळ पाहावा. नळ्यांमधली खोलगट जागा मोजे-रुमालांनी भरता येईल अशी मोकळी आहे, की सपाट अस्तर ताणून ती बंद केली आहे? दुसऱ्या प्रकारात ती जागा वाया जाते. कडक बॅग शिंपल्यासारखी मधून उघडते आणि तिला दुप्पट जागा लागते, हेही ध्यानात असू द्यावं.

चाकांबाबत माझं मत दुकानदारांच्या विरुद्ध जाईल. सगळीकडे गोल फिरणारी चार चाकं दाखवली जातात. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती सुखाची असतात, बॅग बोटाने ढकलली की चालते. पण आपली बॅग फक्त फरशीवर चालत नाही. मेट्रोने एअरपोर्ट स्टेशनला उतरून टर्मिनलपर्यंत जायचं, किंवा पुण्यात सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत, तर वाटेत गट्टू, सिमेंट रस्त्याचे सांधे, गटारांची झाकणं लागतात. छोटी फिरती चाकं गट्टूंच्या फटीत अडकतात आणि जोर येतो तो चाकाच्या खाचेवर, जिथे कवच सगळ्यात आधी तडकतं. मागे दोन स्थिर चाकं असलेली, तिरकी करून ओढायची बॅग अशा वाटेवर जास्त टिकते, तिची चाकं कवचात अर्धी बसवलेली असल्याने उंचीतले तीनेक सेंटिमीटर वाचतात आणि वजनही कमी होतं. कडक कवचात ती आता कमी मिळते, पण मिळाली तर सोडू नये. चारच चाकं घ्यायची तर प्रत्येक जागी जोडचाक आहे ना, आणि ते स्क्रूने बसवलंय की रिव्हेटने, हे पाहावं. स्क्रूचं चाक कोणताही बॅग दुरुस्त करणारा बदलून देतो, रिव्हेट मात्र तोडावं लागतं.

कवच कशाचं आहे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. देशाला कडक सुटकेस वापरायची सवय लावली ती व्हीआयपीने, आणि तिच्या बॅगा नाशिकच्या सातपूरला, जळगावला बनल्या. नागपुरातही तिचा कारखाना होता. सॅमसोनाइटचा भारतातला कारखाना नाशिकजवळ गोंदे इथे आहे. लग्नात मुलीला दिलेली व्हीआयपीची ती जुनी सुटकेस अजून अनेक घरांच्या माळ्यावर शाबूत सापडते, कारण तिचं कवच जाड होतं. ते रेल्वेसाठी केलं होतं, वजनाचा प्रश्न तेव्हा नव्हता. आजच्या केबिन बॅगेचं कवच एक-दोन मिलिमीटरचं असतं, म्हणून साहित्य निवडून घ्यावं लागतं.

तीन नावं कानावर पडतात. एबीएस स्वस्त, ताठ आणि चकचकीत, पण वाकवलं की पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथेच चीर जाते. उन्हाने ते हळूहळू ठिसूळही होतं. पॉलिकार्बोनेट हे बायर कंपनीत हेरमान श्नेल यांनी १९५३ मध्ये शोधलेलं प्लास्टिक. जर्मनीच्या रिमोवाने त्याची सुटकेस २००० साली आणली. ते दाबलं की वाकतं आणि परत जागेवर येतं, आघात पचवतं. तिसरं पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या आपल्याकडे खुर्च्या आणि डबे बनतात. एका घन सेंटिमीटरला पॉलिकार्बोनेट १.२ ग्रॅम भरतं, एबीएस साधारण १.०५ आणि पॉलिप्रॉपिलीन ०.९. म्हणजे तिघांत सर्वांत हलकं तेच. ते लवचीक असल्याने कवच थोडं जाड करावं लागतं, तरीही ते वाकून सावरतं आणि ओरखडे कमी दाखवतं. खडबडीत पोताची पॉलिप्रॉपिलीनची बॅग दुकानात साधी दिसते, म्हणून बाजूला पडते. माझी पसंती तिलाच आहे.

चिठ्ठीवर नुसतं ‘पॉलिकार्बोनेट’ लिहिलेलं असलं तरी आत एबीएस आणि वर पॉलिकार्बोनेटचा पातळ थर, असाही माल असतो. ‘पीसी’ आणि ‘एबीएस’ ही दोन्ही अक्षरं जोडून छापलेली असतील तर ती मिश्र आहे. मिश्र बॅग वाईट नसते, फक्त तिची किंमत शुद्ध पॉलिकार्बोनेटची देऊ नये. कवचाच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावं: खोलगा पडून लगेच परत आला तर चांगलं. दुकानदार वर उभा राहून दाखवतो त्यातून फारसं काही कळत नाही, कारण पसरलेला भार कोणतंही कमानदार कवच पेलतं. बॅगा फुटतात त्या कोपऱ्यावर आपटल्याने. छापील किमतीकडेही बघू नये, या धंद्यात छापील आणि विक्रीच्या किमतीत निम्म्याहून जास्त फरक बऱ्याचदा असतो.

नागपूरच्या उन्हाची भीती अनेकांना वाटते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीच्या डिकीत त्याहून बरंच जास्त होतं. तरी यांतलं कोणतंही कवच त्या उष्णतेने वितळत नाही, पॉलिकार्बोनेट १४० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. आतल्या बर्फीचं आणि औषधांचं मात्र वाटोळं होऊ शकतं.

केबिनमध्येच न्यायची असेल तर कडक कवच हवंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. कापडी बॅग हलकी असते, बाहेर खिसे असतात. पण केबिन बॅग दरवेळी केबिनमध्ये राहतेच असं नाही. इंडिगो लहान शहरांसाठी वापरते त्या एटीआर ७२ विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तिथे ट्रॉली बऱ्याचदा शिडीपाशीच काढून घेऊन पोटात टाकतात. मोठ्या विमानातही शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा कप्पे भरले म्हणून खाली जातात. अशा वेळी जुलैच्या पावसात सामानाच्या गाडीवर उघड्यावर पडलेली बॅग आणि तिच्यातली करवतकाठी साडी कोरडी राहते ती कवचामुळे. बॅग अशी काढून घेतली जाईल तेव्हा पॉवर बँक आधी बाहेर काढावी, ती विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाही. ज्या ‘स्मार्ट’ बॅगेतली बॅटरी निघत नाही ती घेऊच नये.

पैशाचा हिशेबही सरळ पाहावा. देशांतर्गत नेहमीच्या तिकिटात १५ किलो चेक-इन सामान धरलेलंच असतं, त्यामुळे केबिन बॅगेने वाचतो तो वेळ. पैसे वाचतात ते चेक-इन सामान नसलेल्या स्वस्त तिकिटावर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशी तिकिटं विकायला फेब्रुवारी २०२१ मध्ये मुभा दिली. एअर इंडिया एक्सप्रेसने २०२४ मध्ये आणलेल्या ‘लाइट’ भाड्यात आधी नोंदवलं तर केबिनचे आणखी तीन किलो मोफत मिळतात. इंडिगोत ७ किलोंच्या बॅगेशिवाय तीन किलोंपर्यंतची पर्स किंवा लॅपटॉपची बॅग चालते. लॅपटॉप, चार्जर, पुस्तक अशी जड वस्तू तिच्यात गेली की ट्रॉलीतला भार एकदम उतरतो. युरोपात मुलांकडे जाऊन तिथे स्वस्त विमानाने फिरायचा बेत असेल तर ही ट्रॉली मोफत सामानात धरू नये. रायनएअरची मोफत बॅग ४०, ३०, २० सेंटिमीटरची, म्हणजे पुढच्या सीटखाली सरकणारी. तिथे पाठीवरची सॅकच बरी. हे सगळे नियम बदलत असतात, तिकिटावरचा आकडा निघण्याआधी वाचून घ्यावा.

लोणचं, तिखट आणि सावजी मसाल्याची पाकिटं केबिन बॅगेत घालू नयेत, सुरक्षा तपासणीत ती अडतात. ती चेक-इनमध्ये द्यावीत. खोबऱ्याच्या वाट्या तर तिथेही नकोत, त्यांतल्या तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत धरल्या जातात.

प्रवास संपल्यावर बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकायची आपली रीत आहे. चाकांवरचं पॉलियुरेथेन दमट कोंडलेल्या हवेत काही वर्षांत आपोआप चिकट होतं आणि भुगा होऊन गळतं, बॅग एकदाही वापरली नसली तरी. पावसाळा संपला की ती खाली काढून चाकं पुसावी, घरभर थोडी फिरवावी आणि कापडात गुंडाळून परत ठेवावी.