राजाचे झिजलेले नाक

पोस्टाची तिकिटे जमवणारे आपल्या ओळखीचे असतात, जुनी नाणी जमवणारेही. मी मात्र इंग्रज राजाराण्यांच्या राज्याभिषेकांची नि ज्युबिल्यांची पदके जमवतो. हे ऐकले की लोक जरा चमकतात. मराठीचा प्राध्यापक, आणि साहेबाचे बिल्ले!

पण वाचकहो, त्या पदकांवरच्या तारखा आपल्याही आहेत. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. २२ जून १८९७ ला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर पुण्यात चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पदकावर यातले काहीच नसते. तिथे फक्त राणीचा चेहरा!

सर्वांत गमतीची पदके आठव्या एडवर्डची. त्याचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला, पदके आधीच पाडून झाली, आणि डिसेंबर १९३६ मध्ये स्वारीने गादीच सोडली. ठरल्या दिवशी अभिषेक झाला तो धाकट्या भावाला, सहाव्या जॉर्जला. त्यासाठी पुन्हा नवी पदके निघाली. चांदीची बड्या मंडळींना; शाळकरी पोरांना स्वस्तातले बिल्ले.

त्यातलाच एक पितळी बिल्ला गेल्या दिवाळीत मला एकोडीला, भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, देवघराच्या फडताळात सापडला. राजाचे नाक पार झिजलेले, राणीचा मुकुट सपाट. मी हळहळलो. पदक कधीही घासायचे नाही, हा आम्हा छांदिष्टांचा पहिला नियम. घासले की किंमत गेली.

‘‘हा कोणी घासला?’’ मी आत्याआजीला विचारले. ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली.

‘‘आमच्या मायनं. दर दिवाळीले, चिंच लावून.’’

मग तिने सारे सांगितले. भर मे महिन्यात, सुट्टी असूनही गुरुजींनी पोरे गोळा केली होती. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. मिठाई खाऊन, बिल्ला छातीवर लावून ते गावभर मिरवले. पाच वर्षांनी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये तुमसरला गोळीबार झाला. ती बातमी आली त्या संध्याकाळी आजोबांनी बिल्ला काढला आणि उकिरड्यावर भिरकावला. त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

‘‘मग तुझ्या मायने तो उचलला कशाला?’’

‘‘पितळ हाये ना, बापू! पितळ कोनी फेकते का?’’

भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या मुलखातली ती बाई! तिला राजा प्यारा नव्हता, पण धातू टाकवेना. आजोबांनी मला यातले अक्षरही कधी सांगितले नाही. ही हकिगत जाणणारी आता एकटी आत्याआजी उरली आहे.

अंगणात समया, तांबे, घंगाळे घासायला मांडली होती. आत्याआजीने बिल्ल्यासाठी हात पुढे केला. मला नियम आठवला. तरी मी बिल्ला तिच्या हातावर ठेवला, आणि चिंच भिजवायला आत गेलो.

रात्री तिने सांगितलेले सारे एका वहीत उतरवले. आता प्रत्येक पदकापाशी मी तशी चिठ्ठी ठेवतो. या दिवाळीत फडताळे आवराल, तेव्हा असे काही हाती लागले तर बाजारभाव मागाहून विचारा. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ जाऊन बसा.