विश्लेषण : 'माउंटबॅटन' हे आडनाव आले कुठून?

ब्रिटनचे राजे चार्ल्स तृतीय यांचे धाकटे बंधू अँड्र्यू यांचा 'प्रिन्स' हा किताब काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे बकिंगहॅम राजवाड्याने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर केले. जेफ्री एपस्टीन याच्याशी असलेल्या संबंधांवरून त्यांच्यावर टीका होत होती. आरोप त्यांनी नाकारले आहेत. यापुढे त्यांचे नाव केवळ 'अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर' असेल, असे सांगण्यात आले. भारतीयांना माउंटबॅटन म्हटले की शेवटचे व्हॉइसरॉय आठवतात. पण अस्सल इंग्रजी वाटणारे हे आडनाव १९१७ पूर्वी अस्तित्वातच नव्हते.

मूळ नाव काय होते?

मूळ नाव 'बॅटनबर्ग'. जर्मनीतील हेसे प्रांतात या नावाचे छोटे गाव आहे. हेसेचे प्रिन्स अलेक्झांडर यांनी १८५१ मध्ये युलिया हाउके यांच्याशी विवाह केला. युलिया राजघराण्यातील नव्हत्या. अशा विवाहात पत्नी आणि मुलांना पतीच्या घराण्याचे पद व वारसा मिळत नसे. त्यामुळे युलिया यांना या गावाच्या नावाने वेगळा किताब देण्यात आला आणि मुलांनाही तेच नाव लागले. म्हणजे 'बॅटनबर्ग' हे नावही कमी दर्जाच्या मानलेल्या विवाहावरील तोडगाच होता.

ते बदलण्याची वेळ का आली?

या दाम्पत्याचे थोरले चिरंजीव लुई १८६८ मध्ये, वयाच्या १४व्या वर्षी ब्रिटिश नौदलात दाखल झाले आणि ब्रिटिश नागरिक बनले. व्हिक्टोरिया राणीच्या नातीशी त्यांचा विवाह झाला. १९१२ मध्ये ते नौदलातील सर्वोच्च पदावर, म्हणजे 'फर्स्ट सी लॉर्ड' या पदावर पोहोचले. मात्र १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू होताच जर्मन नावाचा माणूस नौदलाच्या शिखरावर कसा, असा गदारोळ वृत्तपत्रांतून उठला. त्यातच सप्टेंबरमध्ये जर्मन पाणबुडीने तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. ऑक्टोबरअखेर लुई यांनी राजीनामा दिला. नौदलातील ४६ वर्षांच्या सेवेपेक्षा नाव भारी ठरले.

बॅटनबर्गचे माउंटबॅटन कसे झाले?

१९१७ मध्ये लंडनवर बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानांना 'गोथा' म्हटले जाई आणि ब्रिटिश राजघराण्याचे नाव होते 'साक्स-कोबर्ग-गोथा'! राजे पंचम जॉर्ज यांनी १७ जुलै १९१७ रोजी घराण्याचे नाव 'विंडसर' केले. जर्मन किताब असलेल्या नातेवाईकांनाही त्यांनी ते सोडण्यास सांगितले होते. लुई यांनी तीन दिवस आधीच 'प्रिन्स' हा किताब सोडून नवे आडनाव घेतले. जर्मनमध्ये 'बर्ग' म्हणजे डोंगर. त्यासाठी इंग्रजीत 'माउंट'. शब्दांची जागा बदलली आणि 'माउंटबॅटन' तयार झाले. बॅटनबर्ग केकचे नाव मात्र तसेच राहिले.

भारताशी संबंध काय?

नाव बदलले तेव्हा लुई यांचे त्याच नावाचे धाकटे चिरंजीव १७ वर्षांचे होते. वडिलांचा राजीनामा त्यांनी नौदलाचे छात्र असताना पाहिला होता. हेच लॉर्ड लुई माउंटबॅटन मार्च १९४७ मध्ये व्हॉइसरॉय म्हणून दिल्लीत आले. पुढे १९५५ मध्ये, वडिलांना सोडावे लागलेले 'फर्स्ट सी लॉर्ड' हे पदही त्यांना मिळाले.

राजघराण्यात हे आडनाव कसे आले?

लॉर्ड माउंटबॅटन यांचे भाचे फिलिप हे ग्रीस व डेन्मार्कचे राजपुत्र. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्यांनी आजोळचे 'माउंटबॅटन' हे आडनाव स्वीकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा एलिझाबेथ यांच्याशी विवाह झाला. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाल्यावर रूढीप्रमाणे घराण्याचे नाव माउंटबॅटन होईल, अशी चर्चा सुरू झाली. पंतप्रधान चर्चिल यांचा याला विरोध होता. घराणे 'विंडसर'च राहील, असे राणीने ९ एप्रिल १९५२ रोजी जाहीर केले. आपल्याच मुलांना आपले आडनाव नाही, याची फिलिप यांना खंत होती.

तोडगा काय निघाला?

८ फेब्रुवारी १९६० रोजी राणीने मधला मार्ग काढला. घराणे विंडसर, पण 'रॉयल हायनेस' आणि राजपुत्र-राजकन्या हे मान नसलेल्या वंशजांचे आडनाव 'माउंटबॅटन-विंडसर' राहील, असे ठरले. प्रत्यक्षात १९७३ मध्ये राजकन्या अ‍ॅन यांच्या विवाह नोंदवहीत ते लिहिले गेले. प्रिन्स हॅरी यांच्या मुलाचे नावही २०१९ मध्ये जन्मानंतर 'आर्ची हॅरिसन माउंटबॅटन-विंडसर' असेच जाहीर झाले.

अँड्र्यू यांचा जन्म या घोषणेनंतर ११ दिवसांनी झाला. किताब नसलेल्या वंशजांसाठी ठरवलेले ते आडनाव वयाच्या ६५व्या वर्षी त्यांना लावावे लागले. त्यांच्या पणजोबांनी 'प्रिन्स' हा किताब सोडताना 'माउंटबॅटन' हे नाव घेतले होते. पणतवाला ते तोच किताब गेल्यावर मिळाले.