बत्ताशाला हाक कशी मारायची?

कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. ओट्याखाली आमचा कुत्रा बत्तासा चारी पाय वर करून झोपला होता. पोट वर-खाली होत होतं, पण कानाची पाळीसुद्धा हलली नाही. "काय गाढ झोप आहे बाई!" आई कौतुकाने म्हणाली. आम्हीही मान डोलावली. आम्ही म्हणजे मी, माझा भाऊ आणि त्याची दहा वर्षांची लेक, माझी भाची.

दोन दिवसांनी भाचीच्या हातून पितळी पातेलं फरशीवर पडलं. बत्तासा ताडकन उठून बसला! म्हणजे कान शाबूत. विषय संपला.

भाचीचा मात्र संपला नव्हता. "आत्या, हा पातेल्याला उठतो आणि शिट्टीला उठत नाही. असं कसं?"

प्रश्न फार चांगला होता. शिट्टी कुठून येते? हवेतून. आणि पातेलं? त्याचा आवाज हवेतून येतोच, शिवाय फरशीही थरथरते. फरशीवर पाठ टेकून झोपलेल्याला ती थरथर थेट पाठीला कळते. बत्तासा पातेलं ऐकून उठला नव्हता, त्याला ते पाठीत वाजलं होतं.

मग आठवलं, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये असताना हा कधी वेगळा वाटलाच नव्हता. तिथल्या तपकिरी कुत्रीची दोन पिल्लं होती, एक तिच्यासारखंच तपकिरी आणि हा पांढराशुभ्र, एका डोळ्याभोवती बोटभर काळा डाग. कुणी "यू यू" केलं की दोघंही धावत यायची. खरं तर तपकिरी भाऊ ऐकायचा आणि बत्तासा भावाकडे बघून पळायचा! परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघून लिहावं, तसं. दोन महिन्यांचे झाल्यावर भाऊ तळमजल्यावरच्या आजोबांकडे गेला, हा आमच्याकडे आला, आणि कॉपी बंद झाली.

भाचीने एक वही केली आणि प्रयोग सुरू झाले. पहिल्याच दिवशी ती फसली. तिने मागे उभं राहून जोरात टाळी वाजवली आणि बत्ताशाने वळून पाहिलं. तिला आनंद झाला, मग लक्षात आलं की टाळीबरोबर वाऱ्याचा झोत मानेला लागला होता. दुसऱ्यांदा भिंतीवर तिची सावली पडली. तिसऱ्यांदा तिने त्याला जाड गादीवर झोपू दिलं, स्वतः दाराआड लपली आणि तिथून किल्ल्यांचा जुडगा वाजवला, शिट्टी मारली, चूं-चूं करणारं रबरी बदक दाबलं. वहीत तीन वेळा एकच शब्द आहे: 'काहीनाही'. (जोडूनच लिहिलाय, मी दुरुस्त केलेला नाही.)

वही घेऊन आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती पानं उलटून नीट वाचली आणि म्हणाले, "दोन्ही कान बंद दिसतायत. अगदी पक्कं करायचं तर बेरा चाचणी करावी लागेल." त्यांच्याकडे ते यंत्र नव्हतं, पण त्यांनी छान समजावून सांगितलं. कुत्र्याच्या माथ्यावर आणि कानांच्या पुढे अगदी बारीक सुया कातडीखाली खोचतात. एकेका कानात 'टक् टक् टक्' असा आवाज सोडतात. कान चालू असेल तर त्या प्रत्येक टकटकीला नसेतून मेंदूकडे विजेची इवलीशी लहर जाते आणि पडद्यावर डोंगर-दऱ्यांसारखी रेघ उमटते. कान बंद असेल तर रेघ सपाट. माणसांच्या तान्ह्या बाळांनाही हीच चाचणी करतात, फक्त सुयांऐवजी कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्या लावून. पिल्लू पाच आठवड्यांचं झालं की ही चाचणी करता येते. तिची खरी गंमत म्हणजे एकाच कानाने बहिरं असलेलं कुत्रंही सापडतं. एरवी ते कुणाला कळतही नाही, आवाज कुठून आला हे शोधताना जरा गोंधळतं, इतकंच.

पाच आठवडेच का? तर कुत्र्याची सगळीच पिल्लं जन्मतात तेव्हा काही ऐकू शकत नाहीत. त्यांचे कान बंद असतात, डोळेही. साधारण दोन आठवड्यांनी कानाची वाट उघडते. बत्ताशासारख्या पिल्लाचे कान जन्मतः ठीकच असतात, बिघाड होतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे मध्ये थोडे दिवस त्याने कदाचित काहीतरी ऐकलं असेल. आईचं गुरगुरणं, स्कूटरची किक. मला हे कळलं त्या दिवशी मी उगीचच पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले होते.

आता बिघाड काय होतो ते बघू. यात एक आश्चर्य लपलंय: बत्तासा बहिरा आहे त्याचा संबंध तो पांढरा असण्याशी आहे! कातडीच्या रंगाचा आणि ऐकण्याचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते.

कानाच्या आत खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणावळणाची नळी असते. तिच्यात पाणी आणि पाण्यात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी. आवाजाने पाणी हललं की तुरे हलतात आणि मेंदूला निरोप जातो. पण निरोप धाडायला वीज लागते. ती वीज पुरवणारी एक पट्टी नळीच्या भिंतीवर असते. तिच्यामुळे त्या पाण्यात सुमारे ८० मिलिव्होल्टचा दाब राहतो, भिंतीवरच्या घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या जवळपास विसावा हिस्सा. एवढ्याशा विजेवर सगळी गाणी, भांडणं आणि शाळेची घंटा! आणि ही पट्टी नीट चालायला तिच्यात रंगपेशी असाव्या लागतात. हो, कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्याच त्या पेशी.

पिल्लू आईच्या पोटात असतं तेव्हा या रंगपेशी त्याच्या पाठीच्या रेषेजवळ तयार होतात आणि तिथून चालत निघतात. आषाढीच्या दिंडीसारख्या! काही पोटाकडे, काही पंजांकडे, काही शेपटीच्या टोकाकडे, काही कानाच्या आत. निघालेल्या पेशी कमी असतील किंवा वाटेत रेंगाळल्या, तर लांबच्या मुक्कामांना दिंडी पोचतच नाही आणि तो भाग पांढरा राहतो. म्हणून तर कितीतरी काळ्या-तपकिरी कुत्र्यांची छाती, पंजे आणि शेपटीचं टोक तेवढं पांढरं असतं. आता जरा बघा रस्त्यात, दहा मिनिटांत एक तरी दिसेल. बत्ताशाची दिंडी फारच लहान होती. कानाच्या आतल्या मुक्कामी कुणी पोचलंच नाही. मग वीज देणारी पट्टी सुकली आणि तुऱ्यांच्या पेशीही मेल्या. त्या परत उगवत नाहीत, म्हणून यावर औषध नाही.

थांबा, लगेच प्रत्येक पांढऱ्या कुत्र्याकडे दयेने बघू नका! खूपशी पांढरी कुत्री छान ऐकतात, कारण त्यांच्या कानात दिंडी पोचलेली असते. आणि लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर पाहिलाय? त्याची तर गोष्टच निराळी. त्याच्याकडे दिंडी सगळीकडे पोचलेली असते, फक्त वारकऱ्यांच्या झोळीत बुक्का नसतो. रंग बनवता येत नाही, पण कानातलं काम त्या पेशी करतात, म्हणून त्याला ऐकू येतं.

डाल्मेशियन कुत्रे तुम्हाला ठाऊक असतील, पांढऱ्यावर काळे ठिपके. त्यांची पिल्लं जन्मतात तेव्हा ठिपकेच नसतात, ते दोनेक आठवड्यांनी उमटू लागतात. अमेरिकेत हजारो डाल्मेशियन तपासले, तेव्हा शंभरातले साधारण आठ दोन्ही कानांनी आणि बावीस एका कानाने बहिरे निघाले. निळे डोळे असलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त. मांजरांचंही तसंच. चार्ल्स डार्विनने १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात लिहून टाकलं होतं की निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात. पुढे त्यानेच सुधारणा केली, की मांजर पूर्ण पांढरंही असलं पाहिजे, आणि तेव्हाही ते नेहमी बहिरं नसतं, बहुतेकदा असतं. डार्विनलाही वही दुरुस्त करावी लागली, हे भाचीला फार आवडलं.

काही जातींत ढगाळ, शाई सांडल्यासारखा रंग असतो, त्याला मर्ल म्हणतात. असे दोन कुत्रे एकत्र आणले तर चारातल्या एका पिल्लाला तो गुण दोन्हीकडून मिळतो आणि ते बहुधा पांढरं होतं. अशी बरीच पिल्लं बहिरी, काही आंधळीही निघतात. हे ठाऊक असूनही दिखाऊ रंगासाठी तशी जोडी लावणाऱ्यांचा मला राग येतो. असो.

आमच्यापुढे आता प्रश्न होता, याला बोलवायचं कसं? नाव तर हौसेने ठेवलं होतं, बारसंही केलं होतं, आणि ज्याचं नाव त्यालाच ते कधी कळणार नव्हतं! भाची म्हणाली, "मग त्याला हाताचं नाव देऊ." अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा, बत्ताशाएवढा, आणि तो तोंडाजवळ न्यायचा. हे त्याचं खरं नाव. ते उच्चारता येत नाही, दाखवावं लागतं. दाखवलं की लगेच चिकनचा तुकडा. तीन दिवसांत पठ्ठ्या नाव शिकला.

मग 'बस', 'ये', 'नको' आणि 'शाब्बास'. इथे आमची फजिती झाली. माझा 'बस' म्हणजे तळवा खाली करून हात दाबायचा. आईचं 'ये' म्हणजे, तुमच्या आजीचंही असेल बघा, तळवा खाली करून बोटं हलवायची! बत्तासा निम्म्या वाटेत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा, आणि शेवटी आमच्याकडे अशा नजरेने बघायचा की तुम्हीच काय ते ठरवा. ठरवलं. 'बस'साठी तळवा वर करून उचलायचा. आईचं 'ये' आईकडेच राहिलं, कारण साठ वर्षांची सवय कोण मोडणार? 'शाब्बास' मात्र कर्णबधिर माणसांकडून घेतलं. ती टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. आमच्याकडे आता वाढदिवसालासुद्धा तशाच टाळ्या असतात.

काही गोष्टी आधी ठाऊक असत्या तर बरं झालं असतं. झोपलेल्या बत्ताशाला माझ्या भावाने एकदा मागून उचललं, तेव्हा तो दचकला आणि चावायला गेला. त्यात त्याची चूक नव्हती. आम्ही मग त्याच्या नाकाशी हात धरायला लागलो. आधी वास पोचतो, मग खांद्याला हलकेच बोट लावायचं आणि जागा झाला की खाऊ. आता त्याला जागं होणं म्हणजे मेजवानी वाटते. खेळताना तो कचकन चावायचा, कारण समोरचा केकाटला तर ते त्याला ऐकूच येत नाही. म्हणून दात लागला की खेळ तिथेच बंद, सगळे पाठ फिरवून उभे. रस्त्यावर तर त्याला कधीच मोकळा सोडत नाही. मागून येणाऱ्या रिक्षाचा भोंगा त्याच्यासाठी नसतोच. पट्ट्याला बिल्ला आहे: 'मला ऐकू येत नाही', खाली फोन नंबर. आणि भुंकतो का? भुंकतो की! स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने जरा जास्तच.

हे सगळं जमतं कारण कुत्री मुळात आपले हात वाचणारी आहेत. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे झाकलेले दोन वाडगे ठेवले आणि एकाकडे बोट दाखवलं. काही कुत्री घाबरून आलीच नाहीत, पण जी आली त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या वाडग्याकडे गेली. शाळेत न जाता! इटलीतल्या संशोधकांनी २०१६ साली कुत्र्यांना मुद्दाम गोंधळात टाकलं. तोंडाने एक हुकूम, हाताने दुसरा. ऐकू येत असूनही कुत्र्यांनी जास्त करून हाताचंच मानलं. तुमच्या घरी कुत्रं असेल तर दोन्ही हात पाठीमागे बांधून, चेहरा न हलवता 'बस' म्हणून बघा. काय होतं ते वहीत लिहा.

दिवाळीत तळमजल्यावरचा तपकिरी भाऊ तीन रात्री पलंगाखाली थरथरत होता. बत्तासा आपला गादीवर घोरत होता. आई म्हणाली, "बघ, याचंच बरं."

पण मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री वीज गेली. मिट्ट काळोख. आमच्या लक्षात आलं की आता याला आमचं काहीच कळणार नाही. हात दिसत नाहीत म्हणजे हाक नाही, 'ये' नाही, शाब्बासही नाही. बत्तासा कुठे आहे, तेही दिसेना. "बत्ताशा, ए बत्ताशा," आई अंधारात हाका मारत होती, आणि कुणालाच तिला सांगवेना. मेणबत्ती सापडायच्या आतच दिवे आले. बघतो तर आम्ही चौघंही चार कोपऱ्यांत, बोटांचा गोल करून तोंडाशी धरलेला. आणि बत्तासा आईच्या पावलांवर हनुवटी टेकून गाढ झोपलेला.