लग्नापूर्वीची जनुकीय तपासणी : प्रयोगशाळेला काय विचाराल?

अमिरातीत जानेवारी २०२५ पासून नागरिकांना लग्नापूर्वी जनुकीय तपासणी सक्तीची आहे. तीत ५७० जनुके पाहतात. आपल्यासारख्या परदेशी रहिवाशांना ही सक्ती नाही. तरी मी दुबईत फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे, सोयरीक जमली की आपली मंडळी मला विचारतात, "आपणही करायची का?" जरूर करा, पण काय तपासायचे ते ठरवून जा.

जी.एन.ई. मायोपथीचेच पाहा. साधारण विशी-तिशीत पावलाचा पुढचा भाग उचलेनासा होतो, चप्पल निसटते, माणूस सपाट जमिनीवर ठेचकाळतो. पुष्कळदा हे कमरेच्या नसेचे दुखणे समजून वर्षे जातात. हळूहळू मांडीची मागची बाजू आणि हातही क्षीण होतात; मांडीचा पुढचा मोठा स्नायू मात्र बराच काळ शाबूत राहतो. १९८४ साली इस्रायली डॉक्टरांनी इराणी ज्यूंमध्ये हीच खूण नोंदवली. २००१ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांना जी.एन.ई. जनुकातला दोष सापडला. शरीरात सायलिक आम्ल तयार होण्यासाठी हे जनुक लागते. जपानातला नोनाका यांच्या नावाचा आजारही हाच, हे त्यानंतर उलगडले.

जनुक एकच, पण बिघाडाची जागा समाजागणिक वेगळी. इराणी ज्यूंमध्ये ती ७४३वी, तर भारतीय रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारी ७२७वी. (जुन्या अहवालांत यांनाच ७१२ आणि ६९६ म्हणत, क्रमांक बदलले, आजार तोच.) जपान्यांचे बिघाड आणखी निराळे.

मग आपण बेने इस्राएल कोणत्या यादीत? २०१६ च्या जनुकीय अभ्यासात आपल्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वंशांचा मोठा वाटा दिसला. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी आपसांतच. म्हणून नुसते 'ज्यू पॅनल' मागू नका. पुष्कळ पॅनल युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंना समोर ठेवून बनवलेले असतात. "जी.एन.ई. जनुक पूर्ण वाचता, की ठरावीक जागाच पाहता?" असे थेट विचारा.

वाहक स्वतः आजारी नसतो. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराचा धोका २५ टक्के. एकाचा अहवाल वाहक आला, तर दुसऱ्याचे ते जनुक पूर्ण तपासून घ्या आणि दोघे मिळून जनुकीय समुपदेशकाकडे जा. तेवढ्यावर सोयरीक मोडणे मला मुळीच पटत नाही.