विहंगम चित्र आणि कारखान्याचे गाव

उंच उडणाऱ्या पक्ष्यास गाव जसे दिसेल, तसे काढलेले चित्र म्हणजे विहंगम चित्र होय. नकाशात घराची केवळ जागा कळते; विहंगम चित्रात छपरे, भिंती व खिडक्याही दिसतात. त्यामुळे नकाशा न वाचता येणाऱ्यासही ते समजते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अशी चित्रे छापून विकली जात. टी. एम. फाउलर हा त्यांतील एक नामांकित चित्रकार. असे चित्रकार रस्तोरस्ती पायी हिंडून इमारती रेखाटीत व पुढे त्या एका कल्पित उंचीवरून मांडीत. पेनसिल्व्हेनियात एका पोलाद कंपनीने १८९५ मध्ये व्हँडरग्रिफ्ट हे गाव आखून वसविले व तेथील जागा कामगारांस विकल्या. घराचा मालक झालेला कामगार संपाच्या वाटेस जाणार नाही, असा त्यामागे हिशेब होता. १८९६ मध्ये फाउलरने या गावाचे विहंगम चित्र काढले.

अशा चित्रांत गावाची जाहिरातही असे. धुराडी ठळक काढीत. कित्येकदा न बांधलेल्या इमारतीही उभ्या दाखवीत. मजुराचे वेतन किंवा घराचे कर्ज मात्र चित्रात दिसत नाही. व्हँडरग्रिफ्टशेजारी अकुशल मजुरांची वेगळी वस्ती झाली. तेथे मूळ गावासारख्या सोयी नव्हत्या.

आपल्याकडील जवळचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचा कारखाना औंध संस्थानातील कुंडल स्थानकाजवळच्या ओसाड माळावर हलविला. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली. निवडुंग तोडून तेथे लोखंडी नांगरांचा कारखाना व कामगारांची वसाहत उभी राहिली. त्या माळाचे चित्र आरंभी काढले असते, तर त्यात निवडुंगच अधिक दिसला असता. म्हणजे योजनेचे चित्र खोटेच असते असे नाही. पण योजना व वस्तुस्थिती यांतील अंतर मात्र ओळखता आले पाहिजे.

गडहिंग्लज तालुक्यातील शिक्षकांस या पाठासाठी सामानगड उत्तम आहे. गडावरून दिसणारी वस्ती, शेते व वाटा मुलांकडून रेखाटून घ्याव्यात. जे आहे ते अखंड रेषेने व जे व्हावेसे वाटते ते तुटक रेषेने काढण्यास सांगावे. नंतर वर्गात प्रत्येक चित्रावर तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी काढले? कोणासाठी काढले? यात काय दाखविलेले नाही?

ही सवय लागलेला विद्यार्थी पुढे जमिनीच्या वा घराच्या जाहिरातीतील रंगीत चित्र पाहून एकदम पैसे देणार नाही. आधी तुटक रेषा कोठे आहे, हे विचारील.